उभ्या स्पोर्ट्स कारची बॅटरी उतरते तेव्हा: बडोद्यातील गाडीमालकांसाठी निदानाच्या आणि उपायांच्या पर्यायांची तुलना

ज्यांची स्पोर्ट्स कार महिन्यातून एक-दोनदाच रस्त्यावर येते आणि एरवी अलकापुरीतील किंवा वासणा रस्त्यावरील एखाद्या इमारतीच्या तळघरात झाकून उभी असते, त्यांच्यापुढे बॅटरी उतरल्यावर बहुधा चार पर्याय येतात: नवी बॅटरी, कायम जोडून ठेवायचा चार्जर, बॅटरीचे कनेक्शन तोडणारा स्विच आणि सोलर पॅनल. यांपैकी कशावरही पैसे खर्च करण्यापूर्वी गाडी उभी असताना किती विद्युतप्रवाह ओढते हे मोजलेले असावे. दुकानात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

गाडी बंद केली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि निरनिराळ्या संगणकांची मेमरी यांना थोडा प्रवाह लागतोच, आणि तो २० ते ५० मिलिअँपिअर असेल तर स्वाभाविक समजला जातो. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, त्या हिशेबाने ६० अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी साधारण २५ दिवसांत निम्म्यावर येते आणि गाडीत कोणताही बिघाड नसतो. ओढा, म्हणजे उभ्या गाडीने ओढलेला हा प्रवाह, ३०० मिलिअँपिअर असेल तर तीच अवस्था चार दिवसांत येते. त्यात बडोद्याच्या उन्हाळ्याची भर पडते, कारण तापमान दर १० अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचा आपोआप उतरण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि गेलेली क्षमता पुरती परत येत नाही. म्हणूनच मूळ ओढा न शोधता बसवलेली नवी बॅटरीही वर्ष-दीड वर्षात त्याच मार्गाने जाण्याची शक्यता मोठी असते.

निदानाची पहिली पायरी म्हणजे बॅटरी पूर्ण भरून, गाडीपासून सोडवून, दिवसभर तशीच ठेवणे आणि मग व्होल्टेज पाहणे. १२.६ च्या वर असेल तर बॅटरीवर संशय घेण्याचे कारण कमी होते; १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव भरलेली. कुठेही न जोडलेली बॅटरी एका दिवसात इतकी उतरली, तर दोष तिच्यातच आहे.

प्रवाह मोजण्याची सर्वांत परिचित पद्धत म्हणजे ऋण टर्मिनल सोडवून त्याच्या आणि केबलच्या मध्ये मल्टिमीटर जोडणे. ही पद्धत स्वस्त आहे, पण तिच्यात दोन अडचणी आहेत. मीटर जोडलेला असताना कोणी चुकून स्टार्टर फिरवला तर मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची: गाडी बंद झाल्यावरही झोपायला, म्हणजे किमान प्रवाहावर जायला, नकार देणारा एखादा संगणक टर्मिनल काढल्याबरोबर रीसेट होतो आणि पुन्हा जोडल्यावर शहाण्यासारखा वागू लागतो, त्यामुळे जो दोष शोधायचा तोच लपतो. म्हणून केबलभोवती बसणारा क्लॅम्प मीटर मला अधिक भरवशाचा वाटतो. मात्र तो डीसी मिलिअँपिअर दाखवणारा हवा, कारण घरगुती वायरिंग करणाऱ्यांकडे असलेले बरेचसे क्लॅम्प मीटर केवळ एसी प्रवाह मोजतात. कोणतीही पद्धत निवडली तरी गाडीला झोपी जाण्यास वेळ द्यावा लागतो; काहींना वीस मिनिटे पुरतात, काहींना तासभर लागतो. तेवढ्या वेळात किल्ली गाडीपासून बरीच दूर ठेवावी आणि उघड्या दाराचे व बॉनेटचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणून ठेवावे, म्हणजे गाडीला सर्व काही बंद असल्याचे वाटते. दार लावण्यापूर्वी ते लॅच आठवणीने मोकळे करावे.

ओढा जास्त निघाला तर तो कोणत्या शाखेतून जातो हे शोधण्यासाठी पुष्कळसे मेकॅनिक एकेक फ्यूज उपसत जातात. त्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या बिंदूंमधील मिलिव्होल्ट मोजणे केव्हाही चांगले, कारण फ्यूज काढता-घालताना झोपलेले संगणक जागे होतात आणि मोजणी पुन्हा सुरुवातीपासून करावी लागते. १० अँपिअरच्या लहान फ्यूजचा रोध साधारण ७ ते ८ मिलिओहम असतो. त्यावर २ मिलिव्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर त्या शाखेतून अडीचशे मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जात आहे असे समजावे. पार्किंग मोडमध्ये चालू राहणारा डॅशकॅम, नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर, बाहेरचा अँप्लिफायर, डिक्कीतील न विझणारा दिवा आणि चिकटलेला रिले (विजेने चालणारा स्विच) हे नेहमीचे संशयित होत. यांपैकी काहीच हाती लागले नाही तर अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा, डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तपासावा. त्याची जाड केबल फ्यूजबॉक्समधील छोट्या फ्यूजांतून जात नसल्यामुळे तो या शोधातून निसटतो.

ओढा स्वाभाविक ठरला, तर निवड मुख्यतः एकाच गोष्टीवर येऊन ठेपते: गाडीजवळ विजेचा सॉकेट आहे का? असेल तर बॅटरीचा प्रकार ओळखून भरणारा, पूर्ण भरल्यावर साधारण १३.५ व्होल्टवर स्थिर राहणारा मेंटेनर चार्जर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तापमानानुसार व्होल्टेज कमी करणारा मिळाला तर बडोद्यात त्याला जास्तीचे पैसे द्यावेत. गॅरेजमधील साधा चार्जर आठवडेच्या आठवडे जोडून ठेवू नये. तो थांबत नाही आणि बॅटरीचे पाणी आटवतो. ऋण टर्मिनलवर चार्जची नोंद ठेवणारा सेन्सर असेल तर चार्जरचा काळा चिमटा बॅटरीवर न लावता बॉडीच्या अर्थिंग बिंदूवर लावावा, म्हणजे आत गेलेल्या चार्जची नोंद गाडीकडे राहते. तळघरात मात्र सॉकेट उंचावर आणि आरसीसीबीच्या (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) संरक्षणाखाली असावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरलेले ज्यांनी पाहिले, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

सोलर पॅनल तळघरात निरुपयोगी, आणि उघड्यावर उभ्या गाडीवर कव्हर असेल तर तिथेही तेच. रखवालदाराकडून दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू करून घेण्याचा उपाय सर्वांत वाईट आहे. स्टार्टरने घेतलेली ऊर्जा तेवढ्यात पुरती परत येत नाही आणि थंड इंजिनाच्या तेलात ओल राहते. लिथियम बॅटरीबद्दल बराच गैरसमज आढळतो. पोर्शने ९११ जीटी३ साठी २०१० पासून देऊ केलेली लिथियम बॅटरी सहा किलोंहून हलकी होती, पण तिची नाममात्र क्षमता १८ अँपिअर-तास होती. ५० मिलिअँपिअरच्या ओढ्याने असा साठा पंधरा दिवसांत संपतो. वजन वाचवणे हा तिचा खरा लाभ आहे आणि उभ्या गाडीच्या तक्रारीवर तो उपाय नव्हे.

दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांप्रमाणे जिथे गाडीपर्यंत वायर नेणेच शक्य नसते, तिथे कनेक्शन तोडणारा स्विच उरतो. त्याची किंमत म्हणून अलार्म बंद राहतो, काचा कुठपर्यंत वर-खाली जायच्या ती मर्यादा गाडीला पुन्हा शिकवावी लागते आणि इंजिनाचा आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा फिरण्याचा वेग, काही काळ अस्थिर होऊ शकतो. फ्रेमविरहित दारांच्या, म्हणजे काचेभोवती चौकट नसलेल्या, गाडीत दार उघडताना एरवी थोडी खाली सरकणारी काच वीज नसताना सरकत नाही, त्यामुळे दार जपून उघडावे. बॅटरी विजेवर उघडणाऱ्या झाकणाखाली असेल तर ते झाकण पूर्ण लावू नये. पोर्शच्या ९९७ आणि ९९१ पिढ्यांत यासाठी फ्यूजबॉक्समध्ये बाहेर ओढता येणारे आपत्कालीन टर्मिनल दिलेले आहे. इतर गाड्यांत तशी सोय कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये आधीच पाहून ठेवावे. स्विच बंद करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरलेली असावी, आणि उन्हाळ्यात दर महिन्याला व्होल्टेज पाहून ते १२.४ च्या खाली गेले की ती काढून घरी भरून आणावी.