'प्लग अँड प्ले' पॉवर स्टिअरिंग किट: जुन्या जीपवाल्यांनो, पैसे टाकायच्या आधी वाचा

जुन्या जीपा, जिप्सी घरच्या घरी पॉवर स्टिअरिंग करायचं फॅड सध्या आपल्याकडं जोरात आहे. त्यात वाईट काही नाही, मीही तेच करत होतो. पण या फॅडच्या आडून काही लोकांनी जो धंदा मांडलाय त्याच्याबद्दल लिहितोय. माझे साडेएकवीस हजार गेले त्याची चीड आहेच, पण जो माल माझ्या घरी आला तो कुणी न तपासता गाडीला लावला आणि साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात नाहीतर सज्जनगड-ठोसेघरच्या वळणांवर गाडी घातली तर पैशाचा विषयच राहणार नाही.

गाडी आमच्या अप्पांची, महिंद्राची जुनी जीप एमएम ५४०, घरी सगळ्यांचा जीव तिच्यावर. बारीक टायर काढून मी २३५/७५ आर१५ घातले तेव्हापासून जागच्या जागी स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे दोन्ही हात आणि वर पाठीचा जोर. अप्पांचा खांदा दुखतो, तरी रानात जायला त्यांना जीपच लागते, दुसऱ्या गाडीत बसवलं तर रस्ताभर कुरकुर. म्हणून म्हटलं पॉवर करून टाकू.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, याचे दोन प्रकार. हायड्रॉलिकमध्ये इंजिनच्या बेल्टवर पंप चालतो, ऑइलची टाकी, प्रेशरचे होज, आणि मुख्य म्हणजे खालचा स्टिअरिंग बॉक्सच (चाकं वळवणारा गिअरचा डबा) बदलायचा, चॅसीला नवीन ब्रॅकेट मारायचं, ते अंगणात बसून होणारं काम नाही. इलेक्ट्रिकमध्ये बॉक्स जीपचाच राहतो, मधला कॉलम, म्हणजे हातातल्या चाकापासून बॉक्सकडं जाणारा दांडा, काढून त्या जागी छोट्या कारचा मोटरवाला कॉलम बसवतात. त्या कॉलमच्या आत एक बारीक टॉर्शन बार असतो, आपण जोर लावला की तो केसभर पिळतो, सेन्सर तो पीळ मोजतो आणि ईसीयू, म्हणजे मोटरचा छोटा कॉम्प्युटर, त्या हिशोबानं मोटरला करंट सोडतो. गाडीचा वेग जास्त तर मदत कमी, म्हणजे हायवेला स्टिअरिंग भिरभिरत नाही. आता आपल्या जीपला स्पीड सेन्सर कुठला, तिथं नुसती स्पीडोमीटरची केबल, म्हणून लोक मध्ये एक छोटी डबी लावतात, ती खोटा सिग्नल देते आणि नॉब फिरवून मदत कमीजास्त करता येते. हे सगळं नीट केलं तर चालतं, चाललेल्या गाड्या मी बघितल्यात, हात लावून बघितल्यात.

तर जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर जाहिरात दिसली, जीप आणि जिप्सीसाठी तयार किट, नवीन, प्लग अँड प्ले, १८ हजार, सहा महिने वॉरंटी, आरटीओ पास. खाली व्हिडिओ, एक पोरगा एका बोटानं जीपचं स्टिअरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरवतोय. फोन केला तर माणूस इतका गोड की काय सांगू. "दादा, चार बोल्ट आणि तीन वायरी. रविवारी सकाळी काढा, दुपारी मटण खाऊन टेस्ट ड्राइव्ह मारा." म्हटलं बिल द्याल ना, तर म्हणे बिल पाहिजे तर जीएसटी वरून पडेल, बघा तुमचं तुम्ही. आरटीओ पासचा कागद मागितला तर पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या नावाचं एक सर्टिफिकेट पाठवलं, फोटो असा धुरकट की झूम केल्यावर नुसते चौकोन दिसतात. नंतर घरातल्या पोरांनी तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला तर तो कागद कसल्यातरी मागच्या लाईटच्या रिफ्लेक्टरचा निघाला. स्टिअरिंगचा शब्द नाही त्यात!

पैसे अर्धे आधी, अर्धे पार्सल ट्रान्सपोर्टला टाकल्याची पावती दाखवल्यावर. यूपीआयला नाव भलत्याच बाईचं आलं, विचारलं तर म्हणे मिसेसचं अकाउंट आहे दादा. पावतीचा फोटो आला, उरलेले टाकले, भाडं इथं माल उतरल्यावर मी भरलं. इथपर्यंत सगळं शब्दाप्रमाणं, म्हणून तर माणूस बिनघोर राहतो.

खोकं उघडलं तर आधी वास आला काळ्या स्प्रे पेंटचा, ताज्या. नवीन पार्टला असला वास नसतो, त्याच्या पिशवीला ग्रीस आणि प्लॅस्टिकचा वास असतो. ईसीयूवरचं स्टिकर नखानं खरवडून काढलेलं, नुसता गोंद राहिलेला. कनेक्टर कंपनीचे नाहीत, वायरी मध्येच तोडून पिळून टेप मारलेली. आणि बॅटरीपासून आणायची मेन वायर बघून तर मी हसलोच, तिच्यावर छापलंय २.५ स्क्वेअर एमएम, ११०० व्होल्ट. ही घराच्या भिंतीतून फिरवायची वायर हो. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना ही मोटर ३०-४० अँपिअर सहज ओढते, त्याला आठ-दहा स्क्वेअर एमएमची ऑटोची वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज लागतो. फ्यूजचा तर पत्ताच नाही किटमध्ये. ही वायर तापून डॅशबोर्डखाली पेटली असती म्हणजे बसा बोंबलत.

तरी म्हटलं वायर आपण बदलू, कॉलम चांगला असला म्हणजे झालं. गाडीला लावायच्या आधी कॉलम व्हाइसमध्ये (टेबलाच्या शिकंज्यात) धरला, वर स्टिअरिंग चढवलं, बॅटरी जोडली. हात न लावता स्टिअरिंग डावीकडं फिरायला लागलं. हळूहळू, आपलं आपलं, अंगात आल्यासारखं! उजवीकडं ओढून धरलं तर मोटर कण्हते, सोडलं की परत डावीकडं. पोरं मागं सरकली. अप्पा खुर्चीत बसून बघत होते, ते एवढंच म्हणाले, हे माझ्या गाडीला नको.

फोन केला. म्हणे स्पीड मॉड्यूल नाही ना लावलं तुम्ही, म्हणून असं होतं, ते वेगळं येतं, साडेतीन हजार. किटमध्ये का नाही दिलं तर म्हणे प्रत्येक गाडीला सेटिंग वेगळं असतं दादा. पाठवले. डबी आली, नॉब, लाल एलईडी, जोडलं, एलईडी लागला, स्टिअरिंग डावीकडंच. चार स्क्रू काढून डबी उघडली. एलईडीला दोन वायरी. नॉबच्या मागं जो पॉट (फिरवून सिग्नल कमीजास्त करणारा पार्ट) असतो त्याच्या तिन्ही पायांना काहीच जोडलेलं नाही, कोरे करकरीत पाय. म्हणजे नॉब फक्त फिरवायचा, वाटलं पाहिजे आपल्याला काहीतरी होतंय. साडेतीन हजाराचा एलईडी.

मग कॉलम घेऊन एमआयडीसीत आमच्या ओळखीच्या लेथवाल्या मामांकडं गेलो. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, कॉलममधला शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, हातात धरून नुसता बोटानं चाचपला आणि म्हणाले, "हितं उंचवटा लागतोय बघ." वायर ब्रश मारला तसा काळा रंग निघाला, खाली राखाडी एमसील निघालं, ते छिन्नीनं उडवलं आणि मधोमध वेल्डिंगचा टाका. शाफ्ट कापून टोकाला टोक लावून मारलेला, आत स्लीव्ह नाही, काही नाही, आणि वरून ग्राइंडरनं सपाट केल्यामुळं जो काय वेल्डिंगचा मणी धरला असेल तोही घासून गेलेला. टाक्याला सुईच्या टोकाएवढी भोकं. मामांनी शाफ्ट व्हाइसमध्ये आवळला, पाइप पाना लावला, फार जोर पण लावला नाही, आणि शाफ्ट टाक्यातून कडकन सुटला. दोन तुकडे. आता विचार करा हा तुकडा होतो त्या वेळी गाडी कुठं असेल. मोटर बंद पडली तर स्टिअरिंग जड होतं, घाम फोडत का होईना फिरतं. शाफ्टच तुटला तर हातात नुसतं चाक राहतं.

मामांनी अजून एक दाखवलं. हल्लीच्या कारचा कॉलम ॲक्सिडेंटमध्ये आत सरकावा म्हणून बनवलेला असतो, म्हणजे दांडा ड्रायव्हरच्या छातीत घुसत नाही, त्यासाठी वरच्या ब्रॅकेटमध्ये प्लॅस्टिकचे तुकडे असतात, धक्का बसला की ते तुटतात आणि कॉलम घसरतो. आमच्या कॉलमचे ते तुकडे आधीच तुटलेले होते आणि ब्रॅकेट जागेवर वेल्ड करून टाकलेलं. म्हणजे हा समोरून ठोकलेल्या गाडीतून आलाय. टॉर्क सेन्सर (तोच पीळ मोजणारा) पण तेव्हाच हललेला असणार नाहीतर खोलून बसवताना त्याचा मध्य गेला असणार, सेन्सरला वाटतंय कुणीतरी कायम डावीकडं ओढतंय म्हणून मोटर डावीकडं मदत करत सुटलीय. त्याला साडेतीन हजाराची डबी काय करणार.

परत फोन. आता सूर बदललेला. तुम्ही उलटं कनेक्शन केलं, वॉरंटी गेली. वेल्डिंगचे फोटो पाठवले तर म्हणे ते तुमच्या फिटरनं केलं असेल. अहो गाडीला लागलंच नाही अजून! मग म्हणे माणूस पाठवतो, त्याचे येण्याजाण्याचे टाका आधी. तिथं मी जो आवाज चढवला तो ऐकून शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. नंतर नंबर ब्लॉक, जाहिरात गायब. थोड्या दिवसांनी तीच जाहिरात दुसऱ्या नावानं, दुसऱ्या नंबरनं परत हजर, व्हिडिओ तोच. या वेळी थांबवत थांबवत बघितला. व्हिडिओत टायरचा वरचा भागच दिसतो, जमीन कुठंच दिसत नाही, आणि शेवटी कॅमेरा हलतो तेव्हा कोपऱ्यात जॅकचा दांडा दिसतो. गाडी जॅकवर! चाकं हवेत असली तर माझी जीप पण एका बोटानं फिरते, त्याला कशाला मोटर.

म्हणून कुणी घेणार असाल तर व्हिडिओ मागा तो टायर जमिनीवर टेकलेले दिसतील असा, गाडी उभी, इंजिन चालू, आणि मध्ये हात सोडून दाखवा म्हणावं. खरं विकणारा दोन मिनिटांत काढून पाठवतो. ज्याच्या नावाचं बिल त्याच्याच नावाला पैसे, मिसेस, मेहुणा, भाचा असलं काही नाही. जमलं तर जाऊन हातात घेऊन बघा, शाफ्टवरनं नख फिरवा, रंग ताजा असेल तर खरवडून बघा, विकणारा रंग खरवडू देत नसेल तर तिथंच कळलं. शाफ्ट जोडायचा तर स्प्लाइनचा (दात्यांत घट्ट बसणारा) युनिव्हर्सल जॉइंट आणि क्लॅम्प बोल्ट, टोकाला टोक लावलेला टाका कुणी कितीही शपथा घेऊन विकला तरी नको. आणि "आरटीओ पास किट" असं ऐकलं की फोन ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं दिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत आरसीशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि ॲपवर किट विकणारा माणूस तुमच्या गाडीला मंजुरी देऊ शकत नाही. पंधरा वर्षं झालेली गाडी दर पाच वर्षांनी पासिंगला न्यायची असते, तिथं आणि इन्शुरन्स क्लेमला उत्तर तुम्हालाच द्यायचंय. साताऱ्याची एमएच ११ असो, कराडची ५० नाहीतर सांगलीची १०, आधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा, मग खर्च करा.

तक्रारीचं सांगतो. पैसे गेल्या गेल्या लक्षात आलं तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन करायचा, ते पुढच्या खात्यात पैसे अडकवायचा प्रयत्न करतात, पण त्यात वेळ गेली की पैसा पुढं सरकतो. माल आला पण भंगार आला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याप्रमाणं आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, विकणारा कुठला का असेना, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. मी पोलिसात अर्ज दिलाय आणि आयोगाचे कागद एका ओळखीच्या वकिलांकडं दिलेत. अडचण एवढीच की समोरच्याचं खरं नाव-पत्ता कळल्याशिवाय नोटीस पाठवायची कुणाला.

जीपचं म्हणाल तर मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आधी किंगपिन बघ, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती. पुढची चाकं उचलून बघितली तर किंगपिनची बेअरिंगं कोरडी ठणठणीत, ग्रीस कधीच संपलेलं, चाकं वळवणाऱ्या दांड्यांपैकी एक टाय रॉड एंड जाम, ड्रॅग लिंकला प्ले, म्हणजे ढिलेपणा. ते सगळं नवीन घातलं, बॉक्समध्ये ऑइल भरलं, पुढच्या टायरमध्ये हवा कमी असायची ती बरोबर केली. एका बोटानं नाही फिरत, पण अप्पा रानातून परत येताना गेटमध्ये एका झटक्यात वळवून घेतात. पॉवर स्टिअरिंग करायचंच असलं तरी हे आधी करा, नाहीतर जाम झालेल्या जॉइंटवर मोटर जोर लावत बसते आणि रोग तिथंच राहतो.

ज्यांच्याकडं असा वेल्डिंगवाला कॉलम आधीच आलाय त्यांनी गाडी बाहेर काढू नका आणि रागारागात कॉलम भंगारात पण देऊ नका. खोकं, ट्रान्सपोर्टची मूळ पावती, यूपीआयचा व्यवहार नंबर, जाहिरातीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट, सगळं एका पिशवीत. माझ्याकडं पावतीचा फक्त फोटो राहिला होता, मूळ कागद मिळवायला ट्रान्सपोर्टवाल्याकडं परत हेलपाटे घालावे लागले, कारण माल कुठल्या गावातून बुक झाला ते फक्त त्या कागदावर होतं.