मुक्त विद्यापीठ की रेग्युलर कॉलेज?

पुणे विद्यापीठ 1949 चं, त्याला जोडलेल्या कॉलेजात आरक्षण आहे, स्कॉलरशिप आहे, लायब्ररी, लॅब, शिकवायला समोर माणूस, पण रोज हजेरी लागते आणि गाव लांब असेल तर रूम-मेसचा खर्च फीपेक्षा जास्त होतो, तो कोण देणार?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं. तिथे नोकरी, शेती, लेकरं सांभाळून मराठीतून डिग्री होते, अभ्यासकेंद्र तालुक्यात सापडतं, बारावी नसलेल्यांना पूर्वतयारी करून बीएला घ्यायचे हे तर मला फार मोठं वाटतं. लग्नात शिक्षण सुटलेल्या बाईसाठी दार इथेच उघडतं ना! पण पुस्तक घेऊन एकटीनं बसायचं, अडलं तर विचारायचं कोणाला, म्हणून अर्ध्यात सोडणं सोपं. अठराव्या वर्षी हॉस्टेल मिळत असेल तर कॉलेजच घ्या.