सहा सुती की आठ सुती? ट्रक-ट्रॅक्टरच्या गॅरेजसाठी गोटी सेट घेताना

दुकानात जाऊन मोठा गोटी सेट (गोटी म्हणजे नटावर चढवून फिरवायचं सॉकेट) मागितला की काउंटरवरचा माणूस आधी विचारतो, "सहा सुती देऊ का आठ सुती?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सुती म्हणजे पाऊण इंची, आठ सुती म्हणजे एक इंची. हे माप गोटीच्या पाठीमागच्या चौकोनी भोकाचं, ज्यात हँडल बसतं. पुढच्या नटाशी त्याचा थेट संबंध नाही. नवीन गॅरेज टाकणारा गडी नेमका इथे फसतो. एकदाच पैसे घालायचेत तर मोठाच घेऊ, असं म्हणून आठ सुतीची लोखंडी पेटी दोघांनी उचलून टेम्पोत टाकतो. मीही अशीच आणली होती.

आमचं गॅरेज कराडच्या अलीकडे, हायवेला लागून. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या, एरवी टिपर, सहा चाकी, दहा चाकी, अधूनमधून जेसीबी. पुढचं सगळं या कामाच्या हिशोबाने आहे. खाणीतले डंपर बघणाऱ्यांनी माझं ऐकू नये, त्यांना आठ सुतीशिवाय गत्यंतर नाही.

| | अर्धा इंची | पाऊण इंची | एक इंची |
|---|---|---|---|
| चौकोन (मिमी) | १२.५ | २० | २५ |
| मोठ्या हँड गोटीचा चाचणी टॉर्क (न्यूटन मीटर) | ५६९ | १५६९ | २७९५ |
| पेटीत साधारण येणारी मापं (मिमी) | १० ते ३२ | २२ ते ५० | ३६ ते ८० |
| आमच्याकडचं काम | गिअरबॉक्स, इंजिनचे बाहेरचे बोल्ट | पाटे (लीफ स्प्रिंग), हौसिंग, चासी, ट्रॅक्टरची चाकं | ट्रकचे व्हील नट, हबकडचे मोठे नट |

दुसऱ्या ओळीतले आकडे आयएसओ १७११ या मानकातले. ते गॅरेजच्या भाषेत आणू. साठ किलोचा पोरगा मीटरभर पाइपच्या टोकाला लटकला तर नटावर ६० केजी, म्हणजे ५९० न्यूटन मीटरच्या आसपास जोर पडतो. अर्धा इंची गोटीची चाचणीची हद्द तिथेच ओलांडली. ट्रकचा एम २२ चा (म्हणजे २२ मिमी जाड आट्यावर बसणारा) व्हील नट बऱ्याच गाड्यांना ६०० ते ७०० न्यूटन मीटरला आवळतात (तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्येच बघा). अर्ध्या इंचीच्या रॅचेटला (मागे-पुढे हलवलं तरी गोटी एकाच बाजूला फिरवणारं हँडल) पाइप लावून व्हील नट काढणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्या टेबलाच्या खणातली फुटलेली रॅचेटंही पाहिलीत.

मग आकड्यांवरून पाऊण इंचीचं भागायला हवं. भागतंही, नट धड असेल तर. गंजलेला नट सोडवायला मात्र आवळतानाच्या दुप्पटही जोर लागू शकतो. त्यात पाइपवर लटकून हिसके दिले की १२०० चे १६०० कधी होतात कळत नाही. दहा चाकीला सहा जागी दहा-दहा नट धरले तर एका गाडीचे साठ. पाऊण इंचीवर हे रोज केलं तर गोटीला काही होत नाही, आधी जातो टी-हँडलचा सरकता डोका, नाहीतर रॅचेटच्या पोटातला दात. रॅचेटला पाइप लावायचाच नाही, हे पोराला पहिल्या दिवशी सांगा. नट आधी ढिला करायचा टी-हँडलने, रॅचेट नंतर फिरवायला.

म्हणजे एक इंची घ्यावं? थांबा, पेटी उघडून मापं वाचा. बहुतेक एक इंची सेट ३६ पासून सुरू होतात आणि ८० पर्यंत जातात: ३६, ४१, ४६, ५०, ५५, ६० आणि पुढे. ट्रकचा व्हील नट असतो ३२ किंवा ३३ चा! ज्या कामासाठी एवढी जड पेटी आणली, त्याच कामाची गोटी पेटीत नाही. मी पेटी घेऊन आलो तेव्हा समोर टिपर जॅकवर होता आणि मी खण उचकून ३३ शोधत होतो. शेवटी पोराला स्कूटरवर पिटाळून सुटी गोटी मागवली. पाऊण इंची पेटीत ३२ असतो, पण ३३ तिथेही क्वचितच. आणि ३२ च्या जागी ३३ चालवून घेऊ नका. एक मिलिमीटरची ढिलाई नटाचे कान खाते, मग गॅस मारण्यावाचून इलाज राहत नाही.

जपानी पद्धतीची चाकं असली तर आणखी एक गंमत. तिथे मागच्या जोडचाकाला बाहेरचा नट ४१ चा आणि आतला चौकोनी, २१ चा. ती गोटी दोन्ही पेट्यांत नसते, वेगळीच घ्यावी लागते.

दुसरी न दिसणारी गोष्ट गोटीची खोली. पाट्याचा यू-बोल्ट बघा. नट आवळल्यावर त्याच्या खाली बोल्टचे आटे दोन-दोन, तीन-तीन बोटं बाहेर आलेले असतात, वर चिखल आणि ऑइलचा थर. सेटमधली आखूड गोटी चढवली की बोल्टचं टोक गोटीच्या तळाला टेकतं आणि गोटी नटाला वरवर, दोन-तीन मिलिमीटरच धरते. पोरगं जोर लावतं, गोटी सटकते, हाताची सालटं चासीवर. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर त्याची खूण आहे. इथे लागते लांब गोटी, दुकानात डीप म्हणून मागायची. एम २० ला ३०, एम २४ ला ३६, आणि एम २२ ला नटाच्या जातीप्रमाणे ३२ किंवा ३४. पाऊण इंचीत या तीन-चार लांब गोट्या सुट्या घेतल्यात तर आमच्या भागात वर्षभर पेटीतल्या निम्म्या आखूड गोट्यांपेक्षा जास्त फिरतील.

आता चमकती की काळी. चमकत्या क्रोमच्या गोट्या हाताने फिरवायच्या, पातळ भिंतीच्या, गंज न धरणाऱ्या. काळ्या इम्पॅक्ट गोट्या बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या, भिंत जाड, नट फिरवायच्या गनचे (हवेवर किंवा बॅटरीवर चालणारी) ठोके सोसतील अशा. पॅकिंगवर किंवा कॅटलॉगात डीआयएन ३१२४ दिसलं तर हाताची, ३१२९ दिसलं तर इम्पॅक्टची. शेजारच्या एका टायरवाल्याने घाईत क्रोमची ३२ पाऊण इंची गनवर चढवली होती. गोटी उभी फाटली आणि एक कपची पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन रुतली. माणूस वाचला. तेव्हापासून आमच्या गनजवळ चमकती गोटी ठेवत नाही, कारण जवळ असली की कोणीतरी लावतंच.

उलट, काळी गोटी हातानेही चालते. मग सगळ्या काळ्याच का नकोत? जाड भिंतीमुळे ती डिस्कच्या खळग्यात किंवा हौसिंगच्या कडेला बसत नाही. गंजते. वर्षभरात तिच्यावरचं माप वाचता येत नाही, मग आम्ही पांढऱ्या रंगाने आकडा काढतो. आणि तिला हँडलवर धरून ठेवायला आरपार भोकातून पिन आणि वरून रबरी रिंग लागते. रिंग तुटली की लोक बाइंडिंग तार गुंडाळतात. गन सुटली की ती तार गोल फिरते, बोटांना काय होतं ते सांगत बसत नाही. रिंगांचा पुडा स्वस्त असतो, गोटीबरोबरच घ्या.

सहा कोनी की बारा कोनी यात मी वेळ घालवणार नाही. मोठ्या नटाला सहा कोनी. बारा कोनी अडचणीच्या जागी पटकन बसते खरी, पण जुन्या नटाचे कोपरे गोल करते. पाऊण इंचीच्या हँड पेट्यांत बारा कोनी बऱ्याचदा गळ्यात मारतात, म्हणून घेताना एक गोटी उलटी करून आत बघा. आत बघताना तोंडाकडचा उतारही बघा. उतार फार खोल असला तर पातळ लॉक नट निसटतो.

एवढ्यावर पेटीचं ठरवता येतं, पण खरा खर्च नट सोडवायच्या ताकदीवर होतो. तीन वाटा आहेत. टी-हँडल आणि पाइप, गिअरवाला पाना, किंवा हवेची गन.

गिअरवाला पाना हल्ली ट्रकवाल्यांच्या केबिनमध्येही असतो. हँडल ५८ वेळा फिरवलं की नट एकदा फिरतो, अशा गुणोत्तराचे जास्त दिसतात. एकटा ड्रायव्हर घाटात नट सोडवू शकतो, ही त्याची थोरवी. त्याच्याबरोबर ३२-३३ च्या एक इंची गोट्या येतात, त्यामुळे नुसत्या व्हील नटांसाठी एक इंची पेटीची गरजच उरत नाही. पण त्याचा पाय शेजारच्या नटावर नीट टेकवा, पाय घसरला तर बोटं चेचतात. आणि त्याने आवळू नका. हाताला अंदाजच लागत नाही, स्टड (नट बसतो तो बोल्ट) ताणला गेला तरी हँडल लोण्यासारखं फिरत राहतं. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, तिथे सोडवतोय म्हणून आवळत बसाल. गिअर पान्यावर ही चूक स्टड तुटल्यावरच कळते.

गनचं म्हणाल तर रोज दोन-तीन गाड्यांची चाकं निघत असतील तरच एक इंची गन. तिला ९० ते १०० पीएसआय दाबाची हवा सतत लागते, जाड होज लागतो. पंक्चरवाल्याचा छोटा कंप्रेसर चार नटांत धापा टाकतो आणि लोक गनला शिव्या देतात. तेवढं काम नसेल तर बॅटरीवरची पाऊण इंची गन बघा. कंप्रेसर, होज, पाइपलाइन यांचा खर्च वाचतो. गन कोणतीही असो, शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने. १००० न्यूटन मीटरपर्यंतचे पाने पाऊण इंचीतही मिळतात, हा पाऊण इंचीच्या बाजूने आणखी एक गुण. चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत बघायचं, हे आम्ही गिऱ्हाइकाला बिलावर लिहून देतो. निम्मे येत नाहीत.

जोडणी, म्हणजे अॅडॉप्टर, घेताना एवढंच ध्यानात ठेवा की सगळ्यात बारका चौकोन सगळ्यात आधी तुटतो. एक इंची हँडलला पाऊण इंची गोटी लावली तर ताकद पाऊण इंचीचीच. गोटी न तुटता अॅडॉप्टर तुटावा म्हणून तो मुद्दाम वापरणारे मेस्त्री आहेत. हातावरच्या कामाला ते मला पटतं, गनवर नाही.

जुनी मॅसी (मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर) किंवा तशी इंची नटांची यंत्रं येत असतील तर पेटी घेण्याआधी मापं जुळवून बघा. १ १/१६ इंच आणि २७, तसंच १ १३/१६ आणि ४६ ही जवळजवळ एकच, निःशंक चालवा. १ १/२ म्हणजे ३८.१, तोही ३८ ची गोटी थोडी घट्ट बसून चालून जातो. पण १ ५/१६ म्हणजे ३३.३, तिथे ३३ जात नाही आणि ३४ घसरते. अशा दोन-तीन इंची गोट्या सुट्या घेतल्या की झालं, अख्खी इंची पेटी नको.

मेकचं बोलायचं तर हाताच्या क्रोम गोट्यांना आपल्या नाशिकच्या तपारियासारखा देशी माल मला पुरतो, आणि सुटी गोटी, रॅचेटचं किट तालुक्याच्या गावीही मिळतं. तैवानचा किंग टोनी किंवा जर्मन गेडोरे यांचं रॅचेट हातात घेतलं की फरक कळतो. पैसे असतील तर मी ते रॅचेट आणि इम्पॅक्ट गोट्यांवर घालीन, क्रोम गोट्यांवर नाही. बिननावाच्या मालाच्या वाटेला जाऊ नका. एका दुकानदाराने "फॅक्टरीचाच आहे, फक्त छाप नाही" म्हणून दिलेल्या सेटची ४१ ट्रॅक्टरच्या चाकावर दुसऱ्या दिवशी तोंडाशी उमलली. परत घ्यायला गेलो तर म्हणाला, छापच नाही तर वॉरंटी कशाची? बरोबरच होतं त्याचं.

तर मावसभाऊ इथे हायवेला गॅरेज टाकायला निघाला तेव्हा त्याला मी काय घ्यायला लावलं ते सांगतो. पाऊण इंचीची सहा कोनी हँड पेटी, २२ ते ५०. त्यात पाऊण इंचीच्याच लांब गोट्या ३०, ३२ आणि ३६. एक इंचीत फक्त दोन काळ्या लांब गोट्या, ३२ आणि ३३, एक टी-हँडल, एक वीतभर एक्स्टेंशन. आणि एक गिअर पाना. मी एक इंची पूर्ण पेटीला जे मोजले होते, जवळपास तेवढ्यातच हे सगळं बसलं. हबचा मोठा नट आला तर तो माझ्याकडून गोटी नेतो आणि संध्याकाळी परत आणतो, बहुतेक वेळा.

माझ्या एक इंची पेटीतल्या ६० च्या वरच्या गोट्या अजून तेलकट कागदात गुंडाळलेल्या आहेत. ७० ची तेवढी बाहेर असते. प्रेसवर हबची बेअरिंग दाबून बसवायला ती अगदी मापात बसते.