वायसर हातात आलं होतं, तरी मी प्लग बसवला

चौदा वर्षं झाली, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका फाट्यावर माझं गॅरेज आहे. लोक मिस्त्री म्हणतात. आणि मिस्त्रीच स्पार्क प्लगमध्ये, इंजिनात ठिणगी पाडतो त्या प्लगमध्ये, नागवला गेला, म्हणून हे लिहायला दोन महिने लागले. ज्याला हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्या. ₹२२,६०० गेले.

आमच्याकडे आता गावोगाव दोन-तीन तरी आरवनफाइव्ह, केटीएम अशा भारी मोटरसायकली दिसतात. सोयाबीनचा पैसा आला की पोरगं बापाच्या मागे लागतं. आणि गाडी आली की पहिली मागणी, "भाऊ, इरिडियम टाकून द्या, पिकअप वाढते." मी कंठशोष करून सांगतो की बाबा, इरिडियमच्या प्लगनं गाडी उडत नाही. त्याचं टोक बारीक असतं, ठिणगी सहज पडते, झिजतं कमी, म्हणून जास्त चालतो. बस. पण मोबाईलवर पाहून आलेल्याला मिस्त्रीचं कशाला पटेल? मागणी होती म्हणून मी माल शोधत होतो, हे आधी लक्षात घ्या. हाव नव्हती. बरं, थोडी होती.

व्हॉट्सअॅपवर एक जण आला. दिल्लीच्या करोल बागेतला होलसेलर म्हणे. गोदामाचा व्हिडिओ, खोक्यांच्या थप्प्या, गोड बोलणं, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पण मी काही लगेच पैसे टाकले नाहीत. आधी नमुन्याचे दोन प्लग मागवले, ₹६२० देऊन. दोन्ही अस्सल. एक माझ्याच गाडीला लावून महिनाभर फिरलो, काढून पाहिला तर टोक तपकिरी, छान जळलेला. आता सांगा, यापेक्षा जास्त माणसानं काय तपासायचं? मग ३८ प्लगचं मिक्स खोकं सांगितलं. ₹३१० प्रमाणे ₹११,७८०, वर वाहतूक ₹२२०. बारा हजार, फोनवरून, एका झटक्यात.

खोकं आलं पोळ्याच्या आदल्या दिवशी. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका पोराच्या आरवनफाइव्हला, जुन्या व्ही टू मॉडेलला, प्लग बदलायचा होता. नवा प्लग डबीतून काढला, तिरपा केला, तर त्याचं वायसर, म्हणजे आट्यांवरची धातूची चकती, सुटलं, ओट्यावर घरंगळलं आणि रॉकेलच्या ट्रेमध्ये टुपकन पडलं.

अस्सल प्लगचं वायसर असं कधी सुटत नाही. ते आट्यांवर दाबून बसवलेलं असतं, गोल फिरतं पण बाहेर येत नाही. हे मी स्वतः माझ्याकडे शिकणाऱ्या दोन पोरांना शिकवलं आहे. आणि मी काय केलं? वायसर ट्रेमधून काढलं, फडक्यानं पुसलं, परत चढवलं आणि प्लग आवळून दिला. "ट्रान्सपोर्टमध्ये ढिलं झालं असन," असं मीच मला म्हणालो. पोरगा समोर उभा होता, मागे चार गाड्या होत्या. अजून रात्री झोपेत ते वायसर घरंगळताना दिसतं.

असे ११ प्लग विकले, ₹४५० नं. पाचव्या आठवड्यात त्या पोराची गाडी यवतमाळहून येताना घाटात बंद पडली. टेम्पोत टाकून आणली. प्लग काढला तर आतलं पोर्सिलेन अर्धं गायब. हेड उघडलं, तर त्या तुकड्यांनी सिलिंडरच्या भिंतीवर उभ्या रेघा ओढलेल्या, नखाला लागतील अशा. या गाडीचा सिलिंडर ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा, आत लोखंडी लायनर नाही, म्हणजे बोअरिंगचा, सिलिंडर आतून घासून पुन्हा वापरायचा, रस्ता बंद. ब्लॉक, पिस्टन, रिंगा ₹९,४५०, गॅस्केट आणि ऑइल ₹१,१५०. सगळं मी भरलं. बाकी गिऱ्हाइकांना फोन करकरून बोलावलं, प्लग काढून घेतले, पैसे परत दिले. त्यातला एक म्हणाला, "मिस्त्री, तुमी बी आता असं कराले लागले काय?" बारा हजारांपेक्षा ते जास्त लागलं.

मग मल्टिमीटर घेऊन बसलो. नावात आर असलेल्या प्लगमध्ये, जसा सीआर८ई, रेझिस्टर म्हणजे करंटला अडवणारा भाग असतो. वरच्या टोकापासून आतल्या टोकापर्यंत साधारण ५ किलोओम दाखवायला पाहिजे. माझ्या त्या नमुन्याच्या प्लगनं दाखवलं. खोक्यातले सगळे सरळ बीप, म्हणजे आत रेझिस्टरच नाही, सगळे नकली. दोन मिनिटांचं काम, मीटर खिळ्याला टांगलेलाच होता.

बिलही तेव्हाच नीट पाहिलं. जीएसटी नंबर ०९ नं सुरू. दिल्लीचा ०७ असतो, ०९ उत्तर प्रदेशचा. आपला २७. पहिले दोन आकडे पाहायला शाळा लागत नाही, आणि पूर्ण नंबर जीएसटीच्या साइटवर फुकट तपासता येतो. मी नाही तपासला.

पोलिसांकडे तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा, "प्लग तं भेटले ना तुमाले? मंग फसोनूक कायची?" मी म्हटलं, दगड पाठवले असते तर चाललं असतं का? त्यावर, "पक्कं बिल आना, अन् दिल्लीचं दिल्लीले पाहा." चारशेवीसचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं, पण अर्ज तिथंच टेबलावर. तिसऱ्यांदा एका हवालदारानं मला बाहेर नेलं. वाटलं, काहीतरी मार्ग सांगतो. तर म्हणे, "माही पल्सर सकाळी लय त्रास देते, पाहता काय?" पाहिली. चोक अडकत होता. पैसे घेतले नाहीत, आता वाटतं घ्यायला पाहिजे होते. बँकेत म्हणाले, तुम्हीच तुमच्या हातानं पाठवले. हेही ऐकून घेतलं. तुमचे असे गेले तर दोन महिने माझ्यासारखे बसू नका, त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावा.

वकिलाला विचारलं, ग्राहक आयोगात जाऊ का? २०१९ च्या कायद्यात पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहकच धरत नाहीत. ग्राहक तो आरवनफाइव्हवाला पोरगा. आणि त्याची तक्रार कोणाविरुद्ध? माझ्या. पोरगा भला म्हणून गप्प बसला.

आणि प्लग निवडताना स्वस्त-महाग नंतर, आधी गाडीच्या पुस्तकातला नंबर. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा तो थंड प्लग, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, बॉश कंपनीच्या प्लगमध्ये उलटं. मित्रानं नऊ टाकला म्हणून आपण नऊ टाकू नका.

३८ प्लग बिस्किटाच्या डब्यात ठेवले आहेत. परवा नेरकडच्या एका मिस्त्रीचा मेसेज आला. तोच गोदामाचा व्हिडिओ, नवा नंबर. खाली लिहिलं होतं, "भाऊ, हा मानूस बरा हाये काय? २९० नं देऊन रायला."