शिकागोच्या हिवाळ्यासाठी रेस्क्यूतला टेरियर: राठ केसांचा की आखूड केसांचा?

शिकागोच्या रेस्क्यूंच्या (बेघर कुत्री दत्तक देणाऱ्या संस्थांच्या) यादीत 'टेरियर मिक्स' म्हणून दिसणारी लहान कुत्री ढोबळमानाने दोन वळणांची असतात. एक केर्न टेरियरच्या वळणाची, वर काथ्यासारखे राठ केस आणि आत मऊ लोकर. दुसरी जॅक रसेल किंवा रॅट टेरियरच्या वळणाची, आखूड, अंगाला चिकटलेल्या केसांची. जात बहुतेक वेळा नुसतं बघून लिहिलेली असते, तेव्हा पाटी वाचण्यापेक्षा अंगावरून हात फिरवून बघा. वजन दोन्हींचं साधारण ६ ते ८ किलो, भुंकणं सारखंच, आणि खार दिसली की दोन्हीही ठार बहिरी. निवड शेवटी केसांवर येऊन ठेपते.

कागदावर केर्न जिंकतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ, भिजट हवेत दगडांच्या राशींत घुसून शिकार हुसकावणारी ही जात. वरचा थर पाणी झटकतो, आतला ऊब धरतो. २० फॅरनहाइटला (उणे ७ सेल्सिअस), म्हणजे इथल्या जानेवारीतल्या अगदी साध्या रात्री, आखूड केसांचं कुत्रं थोड्याच वेळात एकेक पाय उचलायला लागतं. केर्न तेव्हा शेजाऱ्यांच्या झुडपात नाक खुपसून निवांत असतो.

मेख अशी की तो राठ थर टिकतो मेलेले केस हाताने उपटत राहिलं तरच. मशीन फिरवली की ते कापले जातात, मुळातून निघत नाहीत, आणि केसांचा थर मऊ पडत जातो. रेस्क्यूत आलेल्या राठ केसांच्या कुत्र्याच्या अंगावर बऱ्याचदा जटा झालेल्या असतात, त्यामुळे सरसकट मशीन मारण्यावाचून रेस्क्यूवाल्यांना पर्याय नसतो. आपल्या हाती येतो तो हा मऊ पडलेला थर. हाताने उपटून देणारे ग्रूमर कमी, आणि असतात ते महाग.

या मऊ लोकरीत बर्फ धरतो. कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत बर्फ नव्हे, ३० फॅरनहाइटच्या आसपासचा ओला बर्फ, म्हणजे नेमका बाहेर पडावंसं वाटतं त्या दिवशीचा. बोटांच्या बेचक्यांत, काखेत, पोटाखाली आधी वाटाण्याएवढे गोळे धरतात, बघता बघता लिंबाएवढे होतात. कुत्रं लंगडतं, मध्येच फतकल मारून दातांनी गोळे उपटायला लागतं, केसांसकट. आपण ते ओढून काढायचे नाहीत, कातडी खेचली जाते. टबात तीन-चार इंच कोमट पाण्यात उभं करून वितळू द्यायचे, टॉवेलने दाबून टिपायचं (चोळलं की गुंता झालाच), मग कमी उष्णतेवर ड्रायर, मग स्टीलचा कंगवा. लोकर ओली राहिली तर काखेत आणि कानामागे पुन्हा जटा. वीस मिनिटं धरून चाला, आणि फेऱ्या दिवसाला तीन. तळव्यांमधले केस दर दोन आठवड्यांनी बोथट टोकाच्या कात्रीने तळव्याच्या पातळीत कापले की त्रास कमी होतो. चार पायांचा स्नोसूटही कामाचा, पण वळवळणाऱ्या टेरियरचे चार पाय चार नळ्यांत घालणं आणि व्हेल्क्रोत अडकलेले केस सोडवणं हा वेगळाच उद्योग. माझ्या लेखी निकाल इथेच लागला.

आखूड केसांच्या कुत्र्याला कोट घालायला मिनिट लागतं. परतल्यावर पाय आणि पोट ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसलं की झालं. कोट मात्र पोट झाकणारा हवा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. टेरियरची छाती खोल असते, नुसत्या पाठीच्या लांबीवरून घेतलेला कोट तिथे आवळतो आणि काखेत घासतो.

यालाही खोडी आहेत. केस बारमाही गळतात आणि सोफ्यात सुईसारखे रुततात. १० फॅरनहाइटच्या खाली फेरी पाच-दहा मिनिटांत आटपावी लागते, उरलेली मस्ती घरात जिरवावी लागते. जॅक रसेलच्या वळणाचं असेल तर फावड्याने ओढलेला बर्फ कुंपणाला लावून रचू नका. चार फुटांचं कुंपण अडीच फुटांचं होतं आणि स्वारी पलीकडे.

फुटपाथवरच्या मिठाचा ताप दोघांनाही. तळवे भेगाळतात, चाटलं तर उलट्या होतात. निघण्याआधी तळव्यांना मेण आणि परतल्यावर कोमट पाणी, हे चुकवू नका. फुग्यासारखे रबरी बूट ऊब देत नाहीत, मीठ मात्र अडवतात.

डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जाणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. आखूड केसांचं कुत्रं मित्राकडे ठेवताना कोट आणि फडकं दिलं की भागतं. टब-ड्रायर-कंगव्याची शिस्त दुसऱ्याकडून पाळून घेणं अवघड.

कुत्रं दक्षिणेकडच्या राज्यांतून आणलेलं आहे का, हे विचाराच. तिकडे डासांमुळे हार्टवर्मचा (हृदयात वाढणाऱ्या जंतांचा) धोका जास्त, आणि ताजी लागण चाचणीत दिसत नाही, म्हणून सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा करायची. अशा कुत्र्याने बर्फही कदाचित पाहिलेला नसतो. अंगणात पाच-सहा फुटांचा तुकडा गवत दिसेपर्यंत साफ करून ठेवलात तर शी-शू घरात होणार नाही, निदान रोज नाही.

राठ केसांचंच मनात भरलं असेल तर एप्रिल-मेमध्ये आणा आणि पहिल्याच भेटीत ग्रूमरला मशीन नको म्हणून सांगा. बर्फ पडेपर्यंत वरचा थर पुष्कळसा परत येऊ शकतो, अर्थात प्रत्येकाचा येतोच असं नाही.