शाळेत काय शिकवायचं: अध्यक्षांचा आदेश की काँग्रेसचा कायदा?

अमेरिकेतल्या काही मराठी पालकांचा प्रश्न आहे: अभ्यासक्रमाबद्दलचा अध्यक्षांचा आदेश पटतो, मग 'याचा कायदाच करा' असं काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, आपल्या प्रतिनिधीला लिहावं का?

आधी आदेशाचं आयुष्य बघा. हा आपला वटहुकूम नव्हे. अध्यक्षांच्या आदेशाला संसदेच्या मंजुरीची मुदत नसते, पण पुढचा अध्यक्ष एका सहीनं तो पुसू शकतो. देशभक्तीपर शिक्षणासाठी ट्रम्प यांनी नोव्हेंबर 2020 मध्ये 1776 आयोग नेमला. अहवाल आला 18 जानेवारी 2021 ला, आणि 20 तारखेला बायडन यांनी आयोगच गुंडाळला. 29 जानेवारी 2025 च्या आदेशानं तो परत आला. या आदेशात वंश आणि लिंगओळखीबद्दलची काही शिकवण 'मतारोपण' (मुलांवर मतं लादणं) ठरवून तिचा केंद्रीय निधी थांबवण्याची योजना 90 दिवसांत मागितली होती.

कायदा मात्र टिकतो. 2004 च्या कायद्यानुसार केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळांना 17 सप्टेंबरला राज्यघटनेवर कार्यक्रम करावाच लागतो. तेव्हापासून व्हाइट हाउसमधला पक्ष चारदा बदलला, नियम तसाच आहे. अर्थात त्या दिवशी नेमकं काय सांगायचं, हे त्यात नाही. म्हणूनच कुणाला तो टोचला नसावा.

अवघड जागा पुढे आहे. शिक्षण खातं स्थापन करणाऱ्या 1979 च्या कायद्यानंच खात्याला अभ्यासक्रमात हात घालायला मनाई केली. 2015 च्या कायद्यानं ती आणखी घट्ट केली. आदेश ही मनाई ओलांडू शकत नाही. शाळांतल्या विविधता कार्यक्रमांविरुद्धचं खात्याचं फेब्रुवारी 2025 चं पत्रही ऑगस्टमध्ये मेरीलँडच्या केंद्रीय न्यायालयानं रद्द केलं, कारण रीतसर प्रक्रियाच झाली नव्हती. काँग्रेसला मात्र ही मनाई उठवता येते. सेनेटमध्ये त्यासाठी सहसा 100 पैकी 60 मतं जमवावी लागतात, आणि आजच्या फाटाफुटीत ती जमणं कठीण.

समजा, जमली. मग कुंपण एकदाच मोडेल आणि वाट दोन्ही पक्षांना मोकळी होईल. आज तुम्हाला नको असलेला धडा काढायला वापरलेलं कलम उद्या दुसरा पक्ष तुम्हाला हवा असलेला धडा काढायला वापरेल. मला हा सौदा महागाचा वाटतो. तोही शाळांच्या खर्चातल्या जेमतेम दहाव्या हिश्शासाठी, कारण केंद्राचा वाटा साधारण तेवढाच; बाकी पैसा राज्यांचा आणि स्थानिक करांचा.

आदेश पटत नसेल तर प्रश्न सोपा आहे: तो आदेशच राहू द्या, कोर्ट आणि निवडणूक आहेतच.

पटत असेल तरी पत्र राज्याच्या राजधानीला पाठवा (न्यू जर्सीत असाल तर ट्रेंटनला), वॉशिंग्टनला नको. आशियाई-अमेरिकी इतिहास शाळेत शिकवण्याचा कायदा न्यू जर्सीनं जानेवारी 2022 मध्ये राज्याच्या पातळीवरच केला. तुमच्या मुलांच्या वर्गापर्यंत पोहोचतं ते असलं काही. आणि स्कूल बोर्डाच्या (स्थानिक शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) निवडणुकीत मतदान इतकं कमी होतं की सोसायटीतल्या दहा-बारा घरांनाही तिथे वजन असतं.