नौपाड्यातला रविवारचा पुरातत्त्व वर्ग, एकदा तरी कराच

फी दोन हजार, जागा स्टेशनपासून चालत जाण्यासारखी, घोडबंदरहून येणाऱ्यांनी गाडी आणू नका पार्किंगची बोंब आहे. आता मेन गोष्ट. पुरातत्त्व म्हटलं की आपल्याला ममी आणि सोन्याचे हंडे आठवतात, इथे मॅडम शिकवतात की जुन्या वस्तूचं वय ओळखायला माणूस शिकला कसा, आणि शेवटपर्यंत ह्याच प्रश्नाला धरून राहतात. मला तर हे प्रचंड आवडलं.

सुरुवात थेट ठाण्यातून होते. 1787 मधे ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आत्ताच्या सेंट्रल जेलमधे, पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, शके 939 चा, आणि त्याचं भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात छापून आलं. ताम्रपटावर निदान शक तरी लिहिलेला असतो हो, पण ज्या खापरावर एक अक्षर नाही त्याचं काय करायचं?

मग कोपनहेगनचा थॉमसन येतो, म्युझियममधल्या वस्तू लावता लावता त्याने दगड, ब्राँझ, लोखंड असे तीन काळ पाडले, 1836 ला ते छापलं. 1863 मधे ब्रूस फूट ह्या इंग्रज भूवैज्ञानिकाला मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हातकुऱ्हाड मिळाली, म्हणजे दगडाचा काळ आपल्याकडेही होता. हे पटापट होतं.

सगळ्यात भारी दिवस पेट्री ह्या इंग्रज पुरातत्त्वज्ञाचा. इजिप्तमधल्या शेकडो थडग्यांची मडकी, तारीख कशावरच नाही. त्याने प्रत्येक थडग्याची एक पट्टी केली आणि पट्ट्या वरखाली सरकवत क्रम लावला. मॅडमनी आम्हालाही तशा कागदी पट्ट्या दिल्या, मडक्याचा नागमोडी कान आधी चांगला हातात धरण्यासारखा, मग बारीक होत होत नुसती अंगावरची रेघ, ते लावताना अख्खा वर्ग टेबलावर वाकलेला आणि दोन काका जाम भांडले. पेट्रीने क्रमांक मुद्दाम 30 पासून सुरू केले, त्याहून जुनं काही सापडलं तर खाली जागा हवी म्हणून, आणि पुढे इजिप्तमधल्याच बदारी गावची आणखी जुनी मडकी खरंच तिथे बसली! काय दूरदृष्टी बघा.

व्हीलर ह्या आणखी एका इंग्रज पुरातत्त्वज्ञाचं चौकोन आखून खणणं आणि मधे न खणलेल्या भिंती ठेवून थर वाचणं पण फळ्यावर नीट काढून दाखवलं.

तक्रार एकच, पण मोठी. लिबी ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचं 1949 चं कार्बन डेटिंग (जुन्या लाकडात, हाडात किती किरणोत्सारी कार्बन उरलाय त्यावरून वय काढणं) आणि आपले पुरातत्त्वज्ञ सांकलिया, त्यांचं पुण्याचं डेक्कन कॉलेज, जोर्वे, इनामगाव इथली उत्खननं हे सगळं शेवटच्या एका तासात कोंबलंय. ज्या कामामुळे महाराष्ट्रातल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं आपल्याला कळली त्याच्या स्लाइड वाचून होईपर्यंत पुढची यायची. पुढच्या बॅचला ह्यासाठी एक अख्खा रविवार द्या, फी वाढवलीत तरी चालेल.